वावर मक्त्याने देऊ का, हे प्रभूला विचारताना

सलाम भाऊ.

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. दुसऱ्यांदा बायकोला मोठ्याने वाचून दाखवला, कारण अशा बाबतीत तिचं डोकं माझ्यापेक्षा बरं चालतं. मी काय समजलो ते आधी सांगतो.

तुम्ही 29 वर्षांचे, दारव्ह्याकडचे. चार एकर कोरडवाहू. घरी आई, बायको आणि तीन वर्षांचं लेकरू. डिसेंबरातल्या सभेत बाहेरून आलेल्या एका प्रचारक भावाने तुमच्या डोक्यावर हात ठेवून संदेश दिला, ‘प्रभू म्हणतो, नांगर सोड, मी तुला माणसं धरणारा करीन.’ तेव्हापासून तुम्हाला धड झोप नाही. पाडव्याला मक्ता ठरतो, म्हणून वावर मक्त्याने देऊन बायबल ट्रेनिंगला जावं असं मनात आहे. बायको नाही म्हणते, आई काही बोलत नाही. आणि शेवटी तुम्ही लिहिलंत, ‘मंडळीत सगळे म्हणतात प्रभू मला बोलला. मला लहानपणापासून एकदाही काही ऐकू आलं नाही. आता आलं ते पण दुसऱ्याच्या तोंडून. ही त्याची वाणी आहे हे कसं ओळखू? आणि मी नाही म्हटलं अन् ती खरीच असली तर?’

खरी कळ त्या शेवटच्या वाक्यात आहे. वाणी ओळखायची कशी, हा प्रश्न तुम्ही शांतपणे विचारलेला नाही. तुम्हाला धाक बसलाय की ही गाडी चुकली तर दुसरी नाही. धाकात बसून कोणाचाच आवाज नीट ओळखू येत नाही, म्हणून मी तिथूनच सुरुवात करतो. वावराचं त्यानंतर.

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका लहान मंडळीचा पाळक. 31 वर्षं झाली. उपासनेला चाळीसेक माणसं, कापूस वेचणीच्या दिवसांत वीस. पोटापाण्यासाठी माझंही वावर आहे, म्हणून तुमचा पाडवा मला कळतो. पण तुमच्यावर कर्ज किती, बायको नक्की कशाला नाही म्हणते, तुमच्या मंडळीतले वडील तुम्हाला किती ओळखतात, यातलं मला काही ठाऊक नाही. त्यामुळे ‘जा’ किंवा ‘जाऊ नका’ हे मी इथून सांगणार नाही. असं इथून सांगणारा कोणी भेटला तर त्याच्यापासून जरा जपून राहा.

मागच्या वर्षी रब्बी निघाल्यावर वावरात मेंढ्या बसवायच्या होत्या, म्हणून मी पाझर तलावावर मेंढपाळांना भेटायला गेलो. तिथे दोन डेऱ्यांचे कळप एकाच काठावर पाणी पीत होते. शे-दीडशे मेंढ्या पार मिसळलेल्या. मला वाटलं, आता हे दोघं संध्याकाळपर्यंत रंगाच्या खुणा बघून निवडत बसतात. त्यातला म्हातारा उठला, कांबळं खांद्यावर टाकलं, टाळूला जीभ लावून ‘ट्रर्र ट्रर्र’ असा काहीतरी आवाज काढला आणि मागे न बघता चालायला लागला. त्याच्या मेंढ्या पाण्यातून तोंड काढून त्याच्यामागे निघाल्या. दुसऱ्याच्या पीतच राहिल्या. मेंढरं आपल्या मेंढपाळाचा आवाज ओळखतात, या योहानाच्या दहाव्या अध्यायावर मी किती वेळा उपदेश केला असेल, पण ते डोळ्यांनी पाहिलं त्या दिवशी.

एक मेंढी मात्र तिथेच उभी राहिली. इकडे बघे, तिकडे बघे. म्हातारा शंभरेक पावलांवर थांबला, परत आला, तिच्या मानेला धरून तिला घेऊन गेला. जाताना मी विचारलं, तर म्हणाला, ‘नवीन हाय. आठ दिस झाले बजारातून आणली. कान नाही बसला अजून तिचा.’

तो तिच्यावर रागावला नव्हता, आणि तिला सोडूनही गेला नाही. भाऊ, तुमच्या धाकाला माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही. शमुवेलाचंही आठवा. देवाने हाक मारली आणि पोरगं, म्हातारा याजक एली बोलावतोय असं समजून, धावत गेलं एलीकडे. एकदा नाही, तीनदा. देव चौथ्यांदा आला, आणि ‘तीनदा चुकलास’ असं एका शब्दाने म्हणाला नाही. ज्याला खरोखर त्याचं ऐकायचं आहे, त्याच्या एका चुकीने प्रभू त्याला टाकून देतो, हे मला शास्त्रात कुठे सापडलेलं नाही.

आता कान बसण्याबद्दल. म्हातारा मेंढ्यांना रोज तोच आवाज देतो, पाण्यावर, चाऱ्यावर, डेऱ्यावर परतताना. तेव्हा कुठे गर्दीत तो त्यांना वेगळा कळतो. आपण करतो उलटं. वर्षभर वचन उघडायचं नाही आणि जमीन, लग्न, नोकरी असं काही अंगावर आलं की म्हणायचं, प्रभू बोल. तुम्ही तसे आहात असं मी म्हणत नाही. पण वाणी ओळखायला शिकणं हे रोजच्या लहान गोष्टींत होतं. आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या निर्णयावर पहिला धडा गिरवायचा नसतो.

रोजचा आवाज म्हणजे वचन. त्यातही आपल्याकडे एक खोड आहे, बायबल कुठेही उघडायचं, डोळे मिटून बोट ठेवायचं आणि ओळ आली ती देवाची. याला आपल्या आजा-पणजांकडे कौल लावणं म्हणत. पुस्तक बदललं, सवय तीच राहिली. घराघरात भिंतीवर लावलेली यिर्मया 29:11 ची ओळ घ्या, तुमच्या हिताचे संकल्प वगैरे. ती बाबेलात बंदिवान झालेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातली आहे, आणि तिच्या आधीच्याच ओळीत सांगितलंय की 70 वर्षं लागतील. त्याच पत्रात त्यांना घरं बांधा, मळे लावा, लेकरांची लग्नं करा असंही लिहिलंय. पूर्ण पत्र वाचणाऱ्याला प्रभू एक बोलतो आणि बोट ठेवणाऱ्याला भलतंच ऐकू येतं.

दुसरी अडचण आपल्या गावांची आहे. देव बोलला म्हणजे अंगात आलं पाहिजे, माणूस घुमला पाहिजे, आवाज बदलला पाहिजे, हे आपण लहानपणापासून पाहिलंय. मग मंडळीत जो थरथरत संदेश देतो त्याच्याकडे प्रभूची वाणी, आणि जी म्हातारी गुपचूप कोणाच्या घरी पीठ नेऊन देते तिच्याकडे काही नाही, असं आपल्याला वाटतं. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौल तर म्हणतो की संदेष्ट्यांचे आत्मे संदेष्ट्यांच्या स्वाधीन असतात. म्हणजे बोलणाऱ्याला थांबता येतं, त्याचं तपासता येतं. दोघा-तिघांनी बोलावं आणि इतरांनी पारख करावी, हेही तिथेच आहे. तुमच्या त्या सभेत पारख कोणी केली? तुम्ही लिहिलंय त्यावरून तरी, संदेश झाला, टाळ्या झाल्या, जेवणं झाली.

मी स्वतः कसा फसलो ते सांगतो, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकतोय असं वाटणार नाही.

1999 साली मला विहीर खोदायची होती. गावात एक पाणाड्या होता, तळहातावर नारळ ठेवून फिरायचा. मी म्हटलं, मी पाळक, मी असल्या नादी लागणार नाही. तीन दिवस उपास केला, वावरात फिरून प्रार्थना केली. घराकडच्या धुऱ्याजवळ, म्हणजे बांधाजवळ, बाभळीखाली उभा राहिलो तेव्हा मनात इतकी शांती आली की डोळे भरून आले. ‘इथेच’ असं जणू कोणी म्हटलं. मंडळीत साक्षही देऊन टाकली. बायको म्हणाली, ‘खालच्या अंगाले हिरवळ जास्त दिसते, तिकडं पाहा ना.’ मी म्हटलं, तू विश्वासात कमी पडतेस.

आठ फुटांवर मुरूम, वीस फुटांवर काळा पाषाण. सुरुंग लावले. 45 फुटांवर पैसे संपले. पाणी म्हणाल तर पावसाळ्यात वरून पडेल तेवढं. कर्ज फेडायला पाच वर्षं लागली आणि त्यात तिच्या अंगावरचं होतं नव्हतं ते गेलं.

पुढे किती दिवस मी प्रभूशी भांडत होतो. मग एकदा हिशेबाची जुनी वही चाळताना दिसलं की खोदायच्या आधी मीच पाइपाचा खर्च मांडून ठेवला होता. बाभळीजवळ विहीर लागली तर पाइप सगळ्यांत कमी लागत होता. मला ऐकू आलेला आवाज माझ्या खिशाचा होता, आणि शांती आली होती ती खर्च वाचतोय याची. एक गोष्ट मला आजही टोचते. शेजाऱ्याने पाणाड्याच्या नारळावर विहीर खोदली आणि तिला पाणी लागलं. हे मी उपदेशात सांगत नाही, पण झालं ते असं.

त्यामुळे ‘मनाला शांती वाटते म्हणजे प्रभूची इच्छा’ हे मी कोणालाही एवढ्यावरच सांगत नाही. योना तार्शीशच्या जहाजात तळाशी गाढ झोपला होता, आणि तो देवापासून पळत होता.

यिर्मयाचा 32 वा अध्याय तुम्ही शेतकरी म्हणून वाचा. जमिनीच्या व्यवहाराचा इतका तपशील शास्त्रात क्वचितच मिळतो. यरुशलेमाला बाबेलच्या फौजेचा वेढा पडलेला. यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात अटकेत. त्याला वाणी येते की तुझा चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणेल, अनाथोथातलं माझं शेत विकत घे. मग हनामेल खरंच येतो आणि तेच म्हणतो. त्यावर यिर्मया काय लिहितो? ‘तेव्हा मी समजलो की ही परमेश्वराची वाणी आहे.’ तेव्हा! चाळीसेक वर्षं संदेष्टा असलेल्या माणसाला पक्की खात्री कधी झाली, तर गोष्ट घडून दारात उभी राहिल्यावर. तोवर त्याने ऐकलेलं मनात धरून ठेवलं होतं. पुढे सतरा शेकेल (तेव्हाचं वजन) चांदी तागडीत तोलून दिली, खत लिहिलं, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, मोहर केली, आपला लेखनिक बारूख याच्याकडून ते मातीच्या मडक्यात ठेवून घेतलं. प्रभूची वाणी आहे म्हणून कागद कच्चा ठेवला नाही. आणि सगळं झाल्यावर प्रार्थनेत देवालाच विचारतो, शहर तर शत्रूच्या हाती चाललंय, मग हे शेत का घ्यायला लावलंस? आज्ञा पाळली आणि प्रश्नही विचारला. दोन्ही चालतं.

दहा अध्याय पुढे जा. यरुशलेम पडल्यावर उरलेली माणसं यिर्मयाकडे येतात. आम्ही कुठे जावं ते देवाला विचार, बरं असो की वाईट, आम्ही ऐकू, असं म्हणतात. यिर्मया विचारतो. उत्तर येतं दहा दिवसांनी. आपल्याकडच्या सभांत दहा मिनिटांत तिघांना उत्तर मिळतं, तिथे यिर्मयाला दहा दिवस लागले. उत्तर आलं, मिसरात, म्हणजे इजिप्तात, जाऊ नका. त्यावर तीच माणसं म्हणाली, तू खोटं बोलतोस. कारण 41 व्या अध्यायाच्या शेवटी पाहा, विचारण्याआधीच ही मंडळी मिसराच्या वाटेने निघून बेथलेहेमाजवळ थांबली होती. बिऱ्हाड बांधून झालं होतं, देवाची फक्त सही हवी होती.

म्हणून तुम्हाला एक विचारतो, उत्तर मला देऊ नका. प्रभू ‘थांब, वावर कर’ असं म्हणाला तर तुम्हाला काय वाटेल? हायसं वाटेल की राग येईल? दोन्हींत काहीतरी कळतं. चार वर्षांत बोंडअळी, भाव, पाऊस या सगळ्यांनी जीव मेटाकुटीला आला असेल आणि सेवा ही त्यातून सुटायची वाट वाटत असेल, तर त्यात पाप काही नाही. फक्त त्याला बोलावणं म्हणू नका. उलट राग येणार असेल तो या कामाची आग पोटात आहे म्हणून, तर तीही नोंद करून ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

आता पारखीचं. मला एकच ठोक नियम उपयोगी पडला आहे. चुकलो तर किंमत किती आणि ती कोणाच्या पदरची, हे पाहायचं. किंमत लहान आणि माझीच असेल, आणि गोष्ट प्रेमाची असेल, तर मी पुरावा मागत बसत नाही. किंमत मोठी आणि दुसऱ्याच्या पदरची असेल, तर मी भरपूर पुरावा मागतो आणि दुसऱ्यांनाही मागू देतो.

एकदा जुलैत रात्री साडेआठला जेवत असताना मंडळीबाहेरच्या एका कास्तकाराचं नाव डोक्यातून जाईना. पेरणी मोडली होती त्याची. अकरा किलोमीटर, चिखल. मी गाडी काढली. तो ओट्यावर बसला होता. म्हणाला, ‘काहून आले पास्टर, येवढ्या रात्री?’ मी म्हटलं, असाच. चहा झाला, बियाण्याच्या भावावर बोललो, मी परत आलो. पुढे काहीही उघड झालं नाही. ‘तुम्ही आले नसते तर’ असं तो कधी बोलला नाही. ती प्रभूची वाणी होती का? मला माहीत नाही, आणि माहीत असायची गरजही नाही. चुकलो असतो तर अकरा नि अकरा बावीस किलोमीटरचं पेट्रोल गेलं असतं. अशा शंभर ठिकाणी जा. कान तिथे बसतो.

वावर मक्त्याने देण्याची किंमत मात्र तुमची बायको, आई आणि तीन वर्षांचं लेकरू देणार आहे. तिथे एका अनोळखी माणसाचा एक संदेश पुरत नाही. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या 13 व्या अध्यायात देवाचा माणूस यहूदातून बेथेलला येतो. इथे भाकर खायची नाही, पाणी प्यायचं नाही, अशी त्याला स्वतःला आज्ञा झालेली. तिथला एक म्हातारा संदेष्टा म्हणतो, मलाही देवदूताने सांगितलं, माझ्या घरी जेवायला चल. तो खोटं बोलत होता. हा गेला, जेवला, आणि परतताना वाटेत सिंहाने मारला. तुमचे प्रचारक भाऊ खोटं बोलले असं मी मुळीच म्हणत नाही. चांगल्या मनाने बोलले असतील. पण तुम्हाला प्रभूने आधीच स्पष्ट सांगितलेलं काय आहे? बायकोवर प्रीती कर. आईबापांचा मान राख. मार्काच्या सातव्या अध्यायात येशू कुर्बानवाल्यांना झापतो ते यावरूनच. देवाला वाहिलं म्हणायचं आणि म्हाताऱ्यांना उपाशी ठेवायचं. नवीन ऐकलेलं जुन्याला खोडत असेल तर नवं थांबवून ठेवायचं.

लोक तुम्हाला अलीशाचं सांगतील. एलीया संदेष्ट्याने बोलावल्यावर त्याने बारा जोड्यांचं नांगरणं सोडलं, बैल कापले, नांगराचं लाकूड जाळून मांस शिजवलं. खरं आहे. पण तेच मांस त्याने लोकांना खाऊ घातलं, आईबापांचा निरोप घ्यायची परवानगी मागितली, आणि पुढे तो ओळखला गेला कशाने, तर एलीयाच्या हातावर पाणी घालणारा म्हणून. माइक नव्हता हातात. पेत्राने जाळी सोडली तेही खरं. पण येशू त्याच्या घरी गेला, तापाने पडलेल्या सासूला त्याने उठवलं, आणि पुढे पेत्र बायकोला सोबत घेऊन फिरत असे हे पौल लिहितो. पौल स्वतः करिंथात तंबू शिवून खात होता. ट्रेनिंगला गेल्याशिवाय सेवा सुरू होत नाही, हे कुठून आलं देव जाणे. ट्रेनिंग चांगलंच आहे. यवतमाळात तर 1953 पासून तीसेक वर्षं मोठी सेमिनरी होती, पुढे ती पुण्याला गेली. तिथे शिकलेल्यांकडून मी पुष्कळ शिकलो. पण मला वचन वाचायला शिकवलं ते चौथी शिकलेल्या एका सालदाराने.

बायकोच्या नकाराबद्दल. कोणीतरी तुम्हाला नारायण वामन टिळकांचा दाखला देईल. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका अनोळखी गोऱ्या माणसाने त्यांना नवा करार दिला, 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि लक्ष्मीबाईंपासून काही वर्षांची ताटातूट झाली. पुढे त्या स्वतः विचार करून, स्वतःच्या पायांनी आल्या. हा दाखला तुमच्या कामाचा नाही. टिळकांपुढे ख्रिस्ताला मानावं की नाही हा प्रश्न होता, त्यात बायकोचं मत घेऊन थांबता येत नव्हतं. तुमच्यापुढे वावर मक्त्याने द्यावं की नाही हा आहे. तुमची बायको ख्रिस्ताला मानते. तिच्यातही तोच आत्मा आहे. मग तिचा नकार अडथळा म्हणून का धरता? कदाचित प्रभू तुमच्याशी बोलतोय तो तिच्या तोंडूनच. बाभळीखाली मला हे सुचलं असतं तर पाच वर्षांचं कर्ज वाचलं असतं.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या 16 व्या अध्यायात पौलाला आशियात बोलायला मना होते, बिथुनियाकडे वळतो तर तिकडेही जाऊ दिलं जात नाही. मना कशी झाली ते हे लिहिणारा लूक सांगत नाही. आजारपण असेल, रस्ता असेल, आतून काही असेल. ते चालत राहतात, त्रोवसला पोचतात, तिथे रात्री मासेदोनियाचा माणूस दृष्टांतात दिसतो. दिसला एकट्या पौलाला, पण पुढचं वाक्य आहे ‘आम्ही अनुमान केलं’. सगळ्यांनी मिळून. आणि फिलिप्पैला पोचल्यावर काय? नदीकाठी चार बाया, नंतर फटके आणि तुरुंग. वाणी खरी असली म्हणजे वाट सोपी होते असंही नाही. तेव्हा उद्या गेलात आणि अडचणी आल्या तर ‘चुकलं’ असं लगेच ठरवू नका.

मधेच एक महत्त्वाचं. झोप नाही असं तुम्ही लिहिलंय. विचारांनी झोप उडत असेल तर ठीक, होतं तसं. पण कानात प्रत्यक्ष आवाज येत असतील, ते शिव्या देत असतील, स्वतःला किंवा कोणाला इजा करायला सांगत असतील, तर ती पारख पाळकाची नाही, डॉक्टरची आहे. 14416 हा टेलि-मानसचा सरकारी फुकट नंबर आहे, मराठीत बोलता येतं. मंडळीतल्या दोघांना मी स्वतः डॉक्टरकडे नेलंय, आणि गोळ्या सुरू झाल्यावर ते प्रार्थनाही नीट करायला लागले. कोणी ‘प्रभूने बरं केलं’ म्हणून टीबीच्या किंवा बीपीच्या गोळ्या बंद करत असेल, तर त्यालाही हेच सांगा.

तर पाडव्यापर्यंत काय करता येईल? मी तुमच्या जागी असतो तर डिसेंबरातला संदेश, जसा आठवतो तसा, तारीख घालून वहीत लिहून ठेवला असता. माझी जुनी वही नसती तर विहिरीचं खरं मला कधीच कळलं नसतं. मग त्या प्रचारक भावांना फोन करून विचारलं असतं की तुम्ही मला, माझ्या घराला ओळखता का, यासाठी पुढे प्रार्थना करत राहाल का. त्यांना आठवत नसेल तर तेही उत्तरच आहे. मंडळीतल्या दोघा-तिघा वडिलांपुढे बायकोला सोबत घेऊन बसलो असतो आणि त्यांना ‘नाही’ म्हणायची मोकळीक दिली असती. आणि रविवारी दुपारी जवळच्या एखाद्या तांड्यावर किंवा वस्तीवर जायला लागलो असतो, जिथे कोणी बोलावत नाही आणि चहाही विचारत नाही. त्याला वावर सोडावं लागत नाही. सहा महिन्यांनी तिथल्या लोकांना तुम्ही हवेसे झालात की नाही ते दिसेल. कर्ज असेल तर आधी ते. मक्त्याने द्यायचंच ठरलं तर दोन एकर द्या, एका वर्षाचं द्या, कागद करा, साक्षीदार घ्या. यिर्मयाने घेतले होते.

यातलं काहीच जमलं नाही आणि पाडवा उलटून गेला तर जाऊ द्या. पुढच्या वर्षी पाडवा पुन्हा येतो.

आता तुमचं ते वाक्य, लहानपणापासून एकदाही ऐकू आलं नाही. तुमच्याच प्रश्नात मधे एक गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात, तुमच्या लक्षातही नसेल. दोन वर्षांपूर्वी चुलतभावाशी धुऱ्याचा तंटा होता, मोजणी आणायची तयारी झाली होती, पण ‘जो तुझी बंडी घेऊ पाहतो त्याला अंगरखाही घेऊ दे’ ही ओळ आठ दिवस डोक्यातून गेली नाही, आणि तुम्ही दोन फूट सोडून दिले. भाऊ, दारव्ह्याकडचा माणूस दोन फूट धुरा सोडतो! वचनातली ओळ, अंगावर येणारी, खिशाला चाट लावणारी, भांडण मिटवणारी, आणि तुम्ही ऐकलीत. तुम्ही तिला वाणी म्हटलं नाही, कारण कोणी थरथरलं नाही. मला विचाराल तर तुमचा कान तुम्हाला वाटतो तितका नवा नाही. डिसेंबरातला आवाज त्या धुऱ्यावरच्या आवाजाशेजारी ठेवून पाहा, एकाच माणसाचा वाटतो का.

आणि आई काही बोलत नाही असं तुम्ही लिहिलंत. तिला विचारलं का, ते लिहिलं नाही.